भातुकलीतली रेल्वे: घरातल्या रुळांसाठी इंजिन निवडताना

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून दुपारच्या कार्यक्रमात झालेलं भाषण. गटांच्या मागणीवरून छापत आहोत.)

जेवणं झाली असतील, भांडी व्हायची असतील. हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आजवर या वेळेला आपण शेळीचं लसीकरण ऐकलं, रक्तवाढीच्या गोळ्या ऐकल्या, कर्जाचा हप्ता ऐकला. आज मी बोलणार आहे खेळण्यातल्या रेल्वेच्या इंजिनावर. हसताय ना? आमच्या गटातही असंच हसू झालं होतं. पण ऐकून घ्या, कारण मोटर असलेली कोणतीही वस्तू पारखायची कशी, हे मला या इंजिनानं शिकवलं.

माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे आबाच म्हणतो, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. बार्शी लाइट रेल्वे तुमच्यातल्या जुन्या बायकांना आठवत असेल. १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी अशी ती सुरू झाली. पुढे पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेपर्यंत पोचली. अडीच फुटी रूळ आणि लहानशी गाडी. वारीच्या दिवसांत तर टपावरसुद्धा माणसं बसायची. सन २००० नंतर टप्प्याटप्प्यानं ती लाइन मोठी झाली आणि छोटी गाडी गेली. आबांचं सगळं आयुष्य त्या छोट्या गाडीच्या चाकांखाली पाठीवर पडून गेलेलं.

आत्याबाई गेल्या आणि आबा बोलेनासे झाले. जेवायला बसा म्हटलं की बसायचे, उठा म्हटलं की उठायचे. तेव्हा माझ्या नणंदेचा मुलगा अमेरिकेहून आला आणि त्यानं आबांसाठी खेळण्यातल्या रेल्वेचा पूर्ण संच आणला. रूळ, चार डबे, एक इंजिन आणि वीज देणारा डबा. आबांनी खोकं उघडलं, इंजिन हातात घेतलं, उलटं केलं आणि कितीतरी दिवसांनी एक वाक्य बोलले, "बोगी बघू दे."

मग वीज जोडली. अमेरिकेतली पिन आपल्या भोकात बसत नाही, म्हणून बाजारातून पिन बदलायचा तुकडा आणला. खटका दाबला. आधी गुणगुण, मग वास, मग धूर. त्या डब्यावर लिहिलेलं होतं १२० व्होल्ट आणि आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. कुणी वाचलंच नव्हतं. आबांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं जोडलं. त्यांनी सगळं खोक्यात भरलं आणि खोकं माळ्यावर ठेवून दिलं. पुन्हा गप्प.

पहिला धडा इथेच घ्या. पिनेचा तुकडा पिन बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. परदेशातून आलेला मिक्सर असो, केस वाळवायचं यंत्र असो, त्यावरची बारीक अक्षरं आधी वाचा. "इनपुट १०० ते २४०" असं असेल तर आपल्याकडे चालतं. नुसतं ११० किंवा १२० असेल तर जोडू नका.

मी ठरवलं, ही गाडी चालवायचीच. नवीन इंजिन घ्यायचं, कारण जुन्याची चाकं हातानं तपासली तेव्हा आबाच म्हणाले होते की याचा एक दातेरी चक्कर चिरलाय. मी गटाकडे कर्ज मागितलं. आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "ताई, खेळण्याला कर्ज दिलं तर उद्या कुणी काय मागेल?" खरं सांगते, तेव्हा राग आला. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं. गटाचा पैसा सगळ्यांचा असतो. मी माझे दोन बोकड विकले आणि त्या पैशांतून इंजिन घेतलं. पण दोन बोकडांचे पैसे पुन्हा धुरात घालवायचे नव्हते. म्हणून सहा महिने विचारत राहिले, आबांना विचारत राहिले, आणि विचारता विचारता आबा बोलायला लागले. जे कळलं ते आता क्रमानं सांगते.

आधी जागा, मग माप, मग इंजिन

आपण पितळी हंडा घेताना चूल बघतो की नाही? तसंच इथे आधी जागा बघायची. या छोट्या गाड्यांची मापं ठरलेली असतात. सगळ्यांत जास्त चालतं ते एचओ नावाचं माप. खरी वस्तू ८७ पट लहान केलेली. सतरा मीटर लांबीचं डिझेल इंजिन या मापात साधारण वीस सेंटीमीटरचं होतं, म्हणजे पोळपाटावर मावेल एवढं. याच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. दुसरं माप एन. ते १६० पट लहान आणि रूळ नऊ मिलिमीटरचे. इंग्लंडमध्ये ओओ म्हणून आणखी एक माप आहे, ७६ पट लहान, पण ते चालतं एचओच्याच रुळांवर.

जागा कमी असेल तर एन माप बरं. पण लहान इंजिन वजनाला हलकं असतं, चाकं बारीक असतात, धुळीचा एक कण आला तरी अडतं. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे. म्हाताऱ्या माणसाच्या बोटांना आणि डोळ्यांनाही एचओच सोपं.

आता वळण बघा. परदेशी संचात बहुतेक वेळा अठरा इंच त्रिज्येचे वाकडे रूळ असतात. त्यांचं गोल रिंगण टाकलं तर रुंदीला सव्वातीन फुटांच्या वर जागा लागते. सुताराकडे मिळणाऱ्या आठ बाय चार फुटांच्या प्लायवर ते नीट बसतं. पण या वळणावर प्रत्येक इंजिन वळत नाही. खालच्या चाकांच्या गाड्याला रेल्वेवाले बोगी म्हणतात. आपण डब्याला बोगी म्हणतो, त्यावर आबा चिडतात. एका बोगीला दोन आस असतील, म्हणजे इंजिनाला एकूण चार, तर ते अठरा इंचावर आरामात वळतं. सहा आसांचं लांबलचक इंजिन बावीस इंच किंवा त्याहून मोठं वळण मागतं. वाफेच्या मोठ्या इंजिनाचंही तसंच. दुकानात ते लई देखणं दिसतं, घरी आणल्यावर पहिल्याच वळणावर रुळाखाली उतरतं.

आबांचा जीव अर्थातच छोट्या लाइनीच्या वाफेच्या इंजिनात होता. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ येतात. म्हणून परदेशात अशी छोट्या लाइनीची गाडी एचओ मापात करतात आणि नऊ मिलिमीटरच्या रुळांवर चालवतात. मला वाटलं, आबा तेच मागणार. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाले. "रूळ नवीन लागतील, चाक लहान, वजन कमी. रोज थांबणार, मी रोज ढकलणार. चार आसांचं साधं डिझेल बघ." मन एकीकडे होतं, पण निर्णय फिटरचा होता.

वीज कुठली, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

या गाड्यांना वीज रुळांतूनच मिळते. साध्या पद्धतीत एका रुळाला धन, दुसऱ्याला ऋण. दाब शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत वाढवला की वेग वाढतो. धन-ऋण उलटं केलं की गाडी मागे येते. ही डीसी पद्धत. बारा व्होल्ट म्हणजे हात लागला तरी झटका नाही, त्यामुळे मुलं जवळ असली तरी चालतं. जपायचं ते भिंतीतल्या २३० व्होल्टला.

दुसरी पद्धत डीसीसी. यात रुळांवर वीज सतत असते आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक छोटी चकती असते, तिला डीकोडर म्हणतात. प्रत्येक इंजिनाला आपला क्रमांक. हुकूम रुळांतूनच जातो आणि ज्याचा क्रमांक त्यानंच ऐकायचं. एका रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. चांगलं आहे, पण महाग. आणि डीकोडर नसलेलं साधं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवू नका. मोटर नुसती गुणगुणत तापते आणि जळू शकते.

तिसरी पद्धत जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीची. तिच्या एचओ गाड्यांना रुळांच्या मधोमध बारीक खिळ्यांतून वीज मिळते. त्या गाड्या साध्या दोन रुळी डीसीवर चालत नाहीत आणि आपल्या त्यांच्यावर चालत नाहीत.

आम्ही साधं डीसी इंजिन घेतलं, पण पोटात डीकोडरसाठी जागा आणि पिना तयार असलेलं. खोक्यावर त्याला "डीसीसी रेडी" म्हणतात. उद्या कुणाला हौस आली तर नुसती चकती बसवायची. दोन मजले बांधायची ऐपत नसली तरी पाया तेवढा घालून ठेवावा, तसं. वीज देणारा कंट्रोलर मात्र २३० व्होल्टवर चालणारा, इथलाच घेतला.

मेर्क्लिनचं नाव आलंच आहे तर एक गोष्ट सांगते. १८५९ साली जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावात थिओडोर मेर्क्लिन नावाच्या पत्र्याच्या कारागिरानं हा धंदा सुरू केला. तेव्हा रेल्वे नव्हती. तो करायचा बाहुल्यांच्या घरातली स्वयंपाकाची भांडी, म्हणजे आपली भातुकली. त्याची बायको कॅरोलिन गावोगाव हिंडून ती विकायची. १८६६ साली नवरा गेला, तेव्हा तिनं धंदा बंद केला नाही. मुलांच्या हाती जाईपर्यंत तिनंच तो जगवला. त्या मुलांनी १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांवर धावणारी गाडी ठरावीक मापांत मांडली. भातुकलीत जसं आधी चूल, मग तवा, मग कढई असं वाढवत नेतात, तसंच आधी इंजिन, मग डबे, मग जास्तीचे रूळ. तेव्हा खेळण्यातल्या रेल्वेला पुरुषांचा छंद म्हणणाऱ्याला सांगा, ही कंपनी एका विधवेनं जगवली आणि तिचा उगम भातुकलीत आहे.

पोटात काय आहे ते बघा

रंगाला भुलू नका. इंजिनाचं वरचं कवच काढलं की खरी किंमत दिसते. आबांनी मला पाच गोष्टी बघायला शिकवल्या.

एक, वजन. खालचा सांगाडा धातूचा हवा. हातात घेतल्यावर भरीव लागलं पाहिजे. हलकं इंजिन डबे ओढताना जागच्या जागी चाकं फिरवतं.

दोन, किती चाकांना जोर आहे. स्वस्तातल्या इंजिनात एकाच बोगीला दाते जोडलेले असतात, दुसरी नुसती घरंगळते. चांगल्यात सगळ्या चाकांना जोर असतो.

तीन, किती चाकं वीज घेतात. सगळ्या चाकांनी वीज घेतली तर एखाद्या चाकाखाली धूळ आली तरी बाकीची सांभाळून नेतात. काही चाकांवर रबराची कडी असते. त्यानं ओढ वाढते, पण त्या चाकातून वीज येत नाही आणि कडी झिजली की बदलावी लागते.

चार, फ्लायव्हील. मोटरच्या दांड्यावर बसवलेलं पितळेचं जड चाक. पायाच्या शिलाई मशीनचं मोठं चाक आठवा. पाय थांबला तरी ते थोडं फिरत राहतं, म्हणून टाका तुटत नाही. तसंच हे. रुळावर क्षणभर वीज तुटली तरी गाडी धक्का न खाता पुढे जाते, आणि थांबतानाही हळू थांबते. दोन्ही बाजूंना एकेक असेल तर उत्तम.

पाच, दाते. मोटरच्या दांड्यावर मळसूत्रासारखा वर्म गिअर असतो आणि तो खालचे दाते फिरवतो. त्यामुळे अशी बहुतेक इंजिनं हातानं ढकलली तर चाकं फिरत नाहीत. ती बिघडली म्हणून नव्हे, ती घडणच तशी. जोर करू नका, दाते मोडतील. आणि चालताना दर फेरीला "ठक, ठक" असा एकसारखा आवाज आला तर समजा, आसावरचा प्लॅस्टिकचा दाता चिरलाय.

वेगाची नव्हे, हळू चालण्याची परीक्षा

दुकानदार नेहमी पळवून दाखवतो. पळतं तर सगळंच. आपण म्हणायचं, "हळू चालवून दाखवा." चांगलं इंजिन एक फूट रूळ कापायला पंधरा सेकंद घेऊ शकतं, तेही न अडखळता. मापानं गुणलं तर तो वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे माणसाच्या झपाझप चालीएवढा. मग उलट दिशेनं तसंच. मग चार डबे लावून वळणावर. मग थोड्या चढावर. मीटरमागे दोन सेंटीमीटर चढ पुष्कळ झाला, त्याहून उभा करू नका. दहा मिनिटं चालल्यावर वरून हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

आणि डब्यांचा आकडा इंजिनाच्या आकड्यात अडकतो का, ते बघा. अमेरिकी, इंग्रजी आणि युरोपी आकडे वेगवेगळ्या घडणीचे असतात. नाहीतर वरात निघाली आणि नवरा पुढे, वऱ्हाड मागेच, असं व्हायचं.

आमची परीक्षा झाली फोनवर. भाचा अमेरिकेतल्या एका दुकानात उभा. तिथे तपासायला रूळ मांडलेले होते. आबांनी चार इंजिनं चालवायला लावली आणि फोन मोटरजवळ धरायला सांगितला. डोळे मिटून ऐकत होते. पहिलं लाल, चकचकीत, भाच्याला आवडलेलं. आबा म्हणाले, "करवततंय. नको." दुसऱ्याला ठक ठक. तिसरं उलट दिशेला अडखळलं. चौथं मळकट निळ्या रंगाचं, चार आसांचं, कुणाच्या नजरेत न भरणारं. ते चालू झालं आणि आबा काहीच बोलले नाहीत. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "थांब, ऐकू दे." तेच घेतलं.

आणल्यावर जपायचं कसं

संचातले जुने रूळ लोखंडी होते, पहिल्याच पावसाळ्यात गंजले. निकेल सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूचे रूळ घ्यावेत. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. ते गंजत नाहीत, आणि काळवंडले तरी वीज बरी वाहते. पितळी रुळांवरची काट मात्र वीज अडवते.

रूळ पुसायला सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते पेट घेतं, म्हणून चुलीपासून लांब आणि खिडकी उघडी. वाळल्याशिवाय वीज सुरू करायची नाही. इंजिनाला तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच आणि प्लॅस्टिकला चालणारं. खोबरेल तर मुळीच नको, ते थंडीत गोठतं आणि दाते चिकटतात. शिलाई मशीनचं तेल प्रत्येक प्लॅस्टिकला मानवेलच असं नाही. काम झालं की जुनं लुगडं पांघरून ठेवा. तान्ही मुलं घरात असतील तर सुटे भाग उंचावर, कारण ते तोंडात जातात.

विकत घेताना एक प्रश्न शेवटी विचाराच, "याचा दाता, आकडा, रबरी कडी सुटी मिळते का?" मिळत नसेल तर स्वस्त वस्तूही महागच.

घेण्याआधी बघायचं असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. आमचा गट पुण्याला गेला तेव्हा आबांनाही नेलं. एका माणसाच्या छंदातून केवढं उभं राहतं, ते बायकांनी डोळ्यांनी पाहिलं. परतीच्या एसटीत आमच्या अध्यक्षबाई आबांच्या शेजारी बसल्या होत्या आणि सिग्नल कसा पडतो ते विचारत होत्या.

आता गटासाठी

मैत्रिणींनो, इंजिन तुम्ही घ्या असं मी म्हणत नाही. पण पुढच्या महिन्यात आपले दोन गट कडबाकुट्टी घेणार आहेत, एक गट मिरचीची चक्की. तेव्हा हेच प्रश्न विचारा. माझ्या जागेत बसेल का? माझ्या घरची वीज याला चालेल का? पोटात धातू आहे की नुसता रंग? हळू चालवल्यावर, ओझं दिल्यावर, दहा मिनिटांनी काय होतं? सुटा भाग मिळतो का? आणि पावती. दुकानदार घाई करायला लागला तर चहा मागवा आणि बसा. घाई त्याला असेल, पैसे तुमचे आहेत.

आमच्या धान्याच्या खोलीत आता आठ बाय चारची फळी आहे. रविवारी गल्लीतली पोरं येतात. आबांनी नियम केलाय, गाडी पळवायची नाही, हळू न्यायची. ज्याला हळू नेता येईल त्यालाच कंट्रोलर. परवा अध्यक्षबाईंच्या नातीनं इंजिन इतकं हळू नेलं की आबांनी तिच्यासाठी खोकं उघडलं आणि ते जुनं, चिरलेल्या दात्याचं इंजिन तिच्या हातात दिलं. म्हणाले, "उघड. आत काय बिघडलंय ते मला सांग."

ती अजून उघडतेच आहे. सगळे स्क्रू तिनं वाटीत नीट ठेवलेत. पुढच्या वेळी काय सापडलं ते सांगेन. तोवर नमस्कार.